कोल्हापुरात ‘बाहेरून आलेले’ नेमके कोणाला म्हणावे?

खडू_फळा (धागाकर्ता)

सप्रेम नमस्कार.

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो आणि माझ्याकडे कोल्हापूर शहरालगतच्या पाचगाव या गावाच्या बाजूचा भाग आला होता. फेब्रुवारीतल्या एका दुपारी एक आजी उंबऱ्यात बसून सोलाण्याचे घाटे सोलत होत्या. ‘याआधी कोठे राहत होता?’ हा रकाना भरण्यासाठी मी प्रश्न विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, “आमी कुटनं न्हाई आलो, गुरुजी. हितलंच हाय आमी.” पुढे बोलता बोलता कळले ते असे, की त्यांचा जन्म राधानगरी तालुक्यातला, लग्नानंतरची तीसएक वर्षे शिवाजी पेठेत गेलेली, आणि दिरांमध्ये वाटण्या झाल्यावर सहा वर्षांपूर्वी त्यांनी पाचगावात दीड गुंठा घेऊन घर बांधलेले. मागच्या खोलीत बिहारचा एक फौंड्री कामगार भाड्याने राहत होता. “त्यो मातुर भायेरचा,” असे आजींनी आवर्जून सांगितले. तो ‘भायेरचा’ अकरा वर्षांपासून याच परिसरात राहत होता, म्हणजे पाचगावपुरते बोलायचे झाल्यास तो आजींपेक्षा जुना रहिवासी होता.

हा प्रसंग आता आठवण्याचे कारण असे, की पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झालेली आहे. मी निवृत्त असल्यामुळे वही दुसऱ्या कोणाच्या हातात असेल, परंतु प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कोल्हापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ४ लाख ९३ हजार होती, ती २०११ मध्ये ५ लाख ४९ हजारांवर गेली, म्हणजे दहा वर्षांत साधारण ११ टक्के वाढ झाली. जिल्हा १० टक्क्यांनी वाढला आणि महाराष्ट्र जवळजवळ १६ टक्क्यांनी. जन्मदर कमी झाला हे यामागचे एक कारण असणार, तरीही आपल्याकडून माणसे बाहेर जात आहेत असा संशय या आकड्यांवरून येतो. मग शहराभोवती रोज नवे प्लॉट पडत आहेत, ते कोणासाठी? आपापल्या घरातून, गल्लीतून, वाडीतून कोण कोठे गेले आणि कोण कोठून आले, हे सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पेठेतला

गुरुजी, उत्तर सोपे आहे. रंकाळ्याच्या पलीकडून आलेला प्रत्येक माणूस बाहेरचा. खात्री नसेल तर कोणत्याही तालमीच्या कट्ट्यावर विचारून पाहावे.

नकाशावाला

पेठेतला, करवीरची राजधानी पन्हाळ्याहून खाली उतरली, तेव्हा तिच्याबरोबर किती घराणी उतरली याची चौकशीही त्याच कट्ट्यावर करावी. शाहूपुरी १८९५ मध्ये गुळाची बाजारपेठ म्हणून वसवली गेली. १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, ती खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठीच होती. त्या मुलांपैकी कितीजण शिकून गावी परतले आणि कितीजण पेठांत स्थिरावले, हे ज्याच्या त्याच्या आजोबांना ठाऊक असेल.

पेठेतला

माझे पणजोबा बोर्डिंगातलेच. आपण हे कोठून शोधून काढले?

घनसाळ

मी आजरा तालुक्यातला, त्यामुळे आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. आमच्या वाडीत कोणी आलेच नाही, सगळे गेले.

वडील १९६० च्या सुमारास मुंबईला गिरणीत लागले. परळला आमच्या गावकीची एक खोली होती. ‘खोली’ हा शब्द एकवचनी असला तरी तिच्यात वीस-बावीस माणसे राहत. ते शक्य होत असे पाळ्यांमुळे: दिवसपाळीचा माणूस बाहेर पडला की रातपाळीचा त्याच जागेवर अंथरूण टाकी. प्रत्येकाला भिंतीत एक खुंटी आणि माळ्यावर एका ट्रंकेपुरती जागा, एवढाच त्या शहरावरचा हक्क होता. नवीन पोरगा गावाहून आला की त्याला आधी खोलीत घेत, कोणीतरी खात्यातल्या जॉबरकडे, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाकडे, शब्द टाकी, आणि पहिला पगार होईपर्यंत त्याच्या खानावळीचे पैसे इतर जण वाटून भरत. खानावळ चालवणाऱ्या बाई आमच्याच भागातल्या होत्या. वर्गणी, हजेरी आणि गावच्या देवळाचा निधी या सगळ्यांच्या वह्या असत. त्यामुळे वडील मुंबईला ‘गेले’ असे आम्हाला कधी वाटले नाही, गावाचाच एक तुकडा परळला नेऊन ठेवला होता, एवढेच.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दुसऱ्या पावसाळ्याआधी वडील ट्रंक घेऊन कायमचे परत आले. ती ट्रंक आजही घरात आहे आणि तिच्यात आम्ही घनसाळ भाताचे बियाणे ठेवतो. मात्र ते परतले म्हणून वाडी भरली नाही, कारण मी पुण्याला भोसरीत कामाला लागलो आणि माझा धाकटा भाऊ गोव्यात गेला. वडिलांच्या पिढीतले पुरुष एकटेच गेले, बायका-मुले गावी राहिली, घराला कुलूप लागले नाही. आमच्या पिढीने बायका-मुलांसह घर हलवले. वाडीला खरा फरक यानेच पडला.

नकाशावाला

घनसाळ यांनी फार मोलाचे लिहिले आहे. एकट्या पुरुषांचे जाणे आकड्यांत कसे दिसते ते पाहायचे असल्यास शेजारच्या रत्नागिरीकडे पाहावे. २०११ मध्ये तेथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. दोन्ही आकडे शेजारी मांडले की गिरणगावाचा सगळा इतिहास समोर उभा राहतो.

शुक्रवारची_गाडी

मी हिंजवडीत नोकरी करतो. शुक्रवारी संध्याकाळी वाकडला महामार्गालगत बॅगा घेऊन उभ्या असलेल्या गर्दीत दर दुसरा माणूस कोल्हापूर, सांगली किंवा साताऱ्याचा असतो. सुमारे २३० किलोमीटर अंतर रात्रीत कापायचे, शनिवारी सकाळी तांबडा-पांढरा, रविवारी रात्री परत. अकरा वर्षे मी हे करीत आहे. माझे आधार कार्ड, मतदान आणि दुचाकीची नोंदणी कोल्हापूरची, तर भाडेकरार, गॅस आणि मुलीची शाळा पुण्याची. प्रगणक दारात आला तर मी स्वतःला कोणत्या गावचा सांगावे, याचे उत्तर गुरुजींनीच द्यावे. दुसरी गोष्ट अशी, की पाचगाव, कळंबा आणि मोरेवाडीकडे पडणाऱ्या प्लॉटांपैकी बरेचसे आमच्यासारख्यांनीच घेतलेले आहेत. निवृत्त होऊन परत येऊ, अशी आशा त्या प्लॉटांच्या रूपाने राखून ठेवलेली आहे. माझ्याही प्लॉटवर सध्या गवत उगवले आहे.

सासुरवाशीण

येथपर्यंतच्या सर्व प्रतिसादांत गिरणी, फौंड्री आणि हिंजवडी आली, परंतु मूळ धाग्यातल्या आजी एव्हाना मागे पडल्या. आपल्या देशात जनगणनेत नोंदल्या जाणाऱ्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न हे आहे, आणि ते जवळजवळ सर्वस्वी बायकांचे आहे. मी स्वतः निपाणीजवळची. पंचवीस वर्षांपूर्वी कागलला आले तेव्हा मी राज्याची सीमा ओलांडली, शाळेत शिकलेली कन्नड मागे ठेवली, आणि आडनाव, रेशनकार्ड व देव बदलले. तरीही मला आजवर कोणी ‘स्थलांतरित’ म्हटलेले नाही. नवरा तीच सीमा ओलांडून बेळगावला नोकरीला गेला असता, तर मात्र सगळ्या भावकीने त्याला परगावी गेला असे म्हटले असते.

आणखी एक तक्रार. २०११ मध्ये माझ्या नावापुढे कारण म्हणून ‘लग्न’ लिहिले गेले. वास्तविक कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत नोकरी मिळण्याची शक्यता आहे, हे पाहूनच वडिलांनी हे स्थळ पसंत केले होते, आणि आल्यापासून दुसऱ्या वर्षापासून मी कमावते आहे. एका रकान्यात एकच कारण मावते, तेथे बाईच्या बाबतीत लग्न लिहिले की काम झाले.

खडू_फळा

सासुरवाशीण ताई, आपण माझ्या वर्मावर बोट ठेवलेत. काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवणे, कुटुंबासोबत हलणे आणि इतर, असे पर्याय आमच्यापुढे होते. बाई सासरी राहते असे दिसले की आम्ही बहुतेक वेळा पुढचा प्रश्न न विचारताच आकडा भरत असू. मी आजींच्या बाबतीतही तेच करायला निघालो होतो. खरे तर पाचगावला येण्याचे त्यांचे कारण लग्न नव्हते, दिरांची वाटणी होती.

नकाशावाला

हा धागा जेथे येऊन पोहोचला आहे, तेथे एका जुन्या संशोधकाची आठवण करणे योग्य ठरेल. रॅव्हेनस्टाइन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेचे तक्ते तपासून स्थलांतराचे काही ‘नियम’ मांडले. बहुसंख्य माणसे जवळच्या अंतरावरच हलतात, प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो, आणि कमी अंतराच्या हालचालीत स्त्रिया पुरुषांपेक्षा पुढे असतात, अशी निरीक्षणे त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवली. म्हणजे आजींचे राधानगरी ते पेठ आणि पेठ ते पाचगाव हे अपवादाचे उदाहरण नाही, तोच मुख्य प्रवाह आहे.

परंतु त्यांचे आणखी एक निरीक्षण मला कोल्हापूरसाठी अधिक महत्त्वाचे वाटते. वाढत्या शहराच्या लगतची माणसे शहरात शिरतात आणि त्यांनी मागे सोडलेली जागा आणखी दूरची माणसे येऊन भरतात. हे जिन्यासारखे आहे: वरच्या पायरीवरचा पुढे सरकला की खालचा वर येतो. भुदरगडचा मुलगा कोल्हापुरात येतो, कोल्हापूरचा पुण्याला जातो, आणि भुदरगडच्या फडात कोयता घेऊन तिसरेच कोणी उभे असते. त्यामुळे ‘कोल्हापुरात माणसे येत आहेत की जात आहेत?’ या गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही, आणि एकामुळे दुसरे’ असे द्यावे लागेल.

शिरोळचा_मळा

ते तिसरे कोण, हे मी सांगतो. आमच्याकडे दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाने पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते आणि ती फिटेपर्यंत त्यांना ऊस तोडावा लागतो. पहाटे चारला बाई भाकऱ्या थापते आणि उजाडण्याआधी दोघे फडात असतात. पुरुष तोडतो, बाई मोळी बांधते, आणि गाडी भरताना तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. पाचटाच्या कोपीत बाळ झोळीत असते. गेल्या हंगामात आमच्या बांधावरच्या कोपीतली एक मुलगी, नऊ-दहा वर्षांची असेल, भावाला सांभाळता सांभाळता माझ्या नातवाच्या पुस्तकातली कविता पाठ करून गेली. गावी ती चौथीत होती. मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि ती गेली.

माझी दोन्ही मुले पुण्यात आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो. आम्ही ऊस लावतो, मात्र तोडायला आमच्या घरचे कोणी नाही. नकाशावाला यांचा जिना माझ्या बांधावरून स्वच्छ दिसतो. फक्त शेवटच्या पायरीवरच्या माणसाला वर चढायला जागा आहे की नाही, याविषयी मला शंका आहे. तो दर पावसाळ्यात पुन्हा तळाशीच असतो.

खडू_फळा

शिरोळकर, आपल्यामुळे एक रात्र आठवली. बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री करायची असते. त्या रात्री मी कावळा नाक्याच्या परिसरात बॅटरी घेऊन दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेल्यांना उठवत होतो. त्याच वेळी जिल्ह्यातल्या शिवारांत हजारो कोप्या उभ्या होत्या, कारण फेब्रुवारी हा ऐन गळीत हंगाम. सहा महिने येथे आणि सहा महिने तेथे असणाऱ्या माणसासाठी ‘शेवटचे राहण्याचे ठिकाण’ हा प्रश्न मुळातच तोकडा पडतो.

उद्यमनगरी

माझा छोटा मशिन शॉप आहे आणि शिरोलीतल्या फौंड्र्यांशी रोजचा संबंध येतो. कटू वाटेल, पण लिहितो. स्थानिक मुले भट्टीपुढे उभी राहायला तयार नाहीत. साचा भरणे, ओतकाम, फेटलिंग (ओतलेल्या भागांची साफसफाई) ही कामे आज उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशाच्या मुलांवर चालतात. २०२० च्या मे महिन्यात ती मुले श्रमिक गाड्यांनी गावी गेली तेव्हा मागणी हातात असूनही अनेकांचे ओतकाम थांबले होते. आमच्या गावातला मुलगा आयटीआय करतो, परंतु त्याला संगणकावर चालणाऱ्या मशिनवरच काम हवे असते, आणि जत्रा, म्हाई व वरात यांसाठी महिन्यातून चार दिवस गैरहजर राहतो.

साचेकार

उद्यमनगरी साहेब, मी बावीस वर्षे मोल्डर म्हणून काम केले आहे आणि मी याच जिल्ह्यातला आहे, तेव्हा थोडे माझेही ऐकावे. स्थानिक मुलगा आठ तास झाले की घरी जातो, कारण त्याला घर आहे. बाहेरचा मुलगा कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये राहतो, म्हणून त्याला रात्री अकरालाही हाक मारता येते. मी शेवटी जेथे होतो तेथे आम्हा कायम माणसांना हळूहळू कमी करून ठेकेदारामार्फत माणसे भरली गेली, आणि मग ‘स्थानिक मिळत नाहीत’ अशी पाटी लागली. वाळूच्या धुळीने छाती भरली तर स्थानिक माणूस मालकाच्या दारात जाऊन बसू शकतो. ओडिशाचा मुलगा गाडीत बसून गावी जातो. माझा त्या मुलांवर राग नाही, कारण मीच त्यांच्यापैकी दोघांना साचा भरायला शिकवला. परंतु आम्ही आळशी झालो म्हणून ते आले, असे म्हणणे अर्धसत्य आहे.

उद्यमनगरी

साचेकार दादा, ठेकेदारीचा मुद्दा मान्य आहे. मात्र माझ्याकडे सहा माणसे आहेत आणि ठेकेदार नाही, तरीही जाहिरातीला प्रतिसाद परप्रांतातूनच येतो, हेही खरे आहे. आपल्या माहितीत कोणी मुलगा असेल तर जरूर पाठवावा.

साचेकार

पाठवतो. पण पगार आधी सांगावा.

थान_आणि_वार

सर्वजण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गोष्टी सांगत आहेत, परंतु एकाच जागेवर दोन वेगवेगळ्या देशांची उखडलेली माणसे राहून गेल्याचे उदाहरण कोल्हापूरच्या वेशीवरच आहे. दुसऱ्या महायुद्धात वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार माणसे, त्यांत मुख्यत्वे स्त्रिया आणि मुले, तेथे राहिली. ती गेल्यावर त्याच छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या आमच्या कुटुंबांना जागा मिळाली. पुढे त्याचेच गांधीनगर झाले. माझ्या आजीचा पहिला संसार पोलिश कुटुंबाने सोडलेल्या बराकीत सुरू झाला आणि आजोबा पाठीवर कापडाचा गठ्ठा घेऊन गावोगाव फिरत. आज त्याच गांधीनगरात जिल्ह्याबाहेरचे दुकानदारही घाऊक खरेदीला येतात.

आजी घरी सिंधी बोलायची, दुकानात मराठी, आणि भांडताना अस्सल कोल्हापुरी. तिला कोणी ‘मूळ गाव कोणते?’ असे विचारले की ती शिकारपूर सांगत असे, आणि लगेच ‘पण आता गांधीनगर’ अशी पुस्ती जोडत असे. आम्हाला ‘आपले’ म्हणायला लोकांना किती वर्षे लागली, हे मात्र मला नेमके सांगता येणार नाही, कारण काही ठिकाणी अजून ती मोजणी चालू आहे.

टँकरची_वाट

मी पाचगावातच राहतो, त्यामुळे प्लॉट कोणासाठी पडतात या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल. ज्यांना पेठेत घर घेणे परवडत नाही आणि गावाकडून रोज ये-जा करणे जमत नाही, त्यांच्यासाठी. उन्हाळ्यात आम्ही टँकरची वाट पाहतो. शहरात नोकरी करतो, शहरात खर्च करतो, केएमटीच्या (महापालिकेच्या) बसने शहरात जातो, आणि तरीही शहराच्या हिशेबात आम्ही नाही.

पेठेतला

म्हणूनच हद्दवाढ हवी. नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ची, आणि हद्द मात्र सुमारे ६७ चौरस किलोमीटरवरच थांबलेली. शहराचा नकाशा आजोबांच्या सदऱ्यासारखा झाला आहे, नातवाला बटणे लागत नाहीत.

टँकरची_वाट

हद्दवाढ झाल्यावर घरफाळा वाढेल हे निश्चित आहे, परंतु पाणी येईल हे निश्चित नाही. शहराच्या हद्दीतल्या काही उपनगरांची अवस्था आम्ही डोळ्यांनी पाहतो. शिवाय गावातल्या जुन्या शेतकऱ्याला आरक्षण पडून जमीन जाण्याची भीती आहे, ती खोटी नाही. गंमत अशी, की ग्रामसभेत हद्दवाढीला विरोध करणारे जुने गावकरी आणि मुकाट बसणारे आम्ही नवे प्लॉटवाले, अशी विभागणी असते. आम्हाला तेथे बोलण्याचा हक्क आहे, पण ‘तुम्ही कालचे’ हे वाक्य तयारच असते.

नकाशावाला

शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये विकास प्राधिकरण स्थापन झाले, तो हद्दवाढीऐवजी काढलेला मधला मार्ग होता. जनगणना या पेचात शिरत नाही. किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, या तीन कसोट्यांना गाव उतरले की ग्रामपंचायत असली तरी ते ‘जनगणना शहर’ म्हणून मोजले जाते. २०११ मध्ये जिल्ह्याची नागरी लोकसंख्या सुमारे ३२ टक्के होती आणि राज्याची ४५ टक्के. पंधरा वर्षांत शहराभोवतीच्या किती गावांनी ही रेघ ओलांडली, ते पुढील मोजणीत दिसेल.

शिरोळचा_मळा

पुराविषयी कोणीच लिहिले नाही. २०१९ आणि २०२१ नंतर आमच्याकडे ज्यांना ऐपत आहे ते उंचावर जागा शोधू लागले आहेत. शेती नदीकाठी आणि झोप माळावर, असे हे नवे अर्धे स्थलांतर आहे. जनावरे असलेल्यांना तेही जमत नाही.

खडू_फळा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या आठवड्यात पाय मोकळे करताना मी माझ्याच कॉलनीतील एकोणीस घरांत हा प्रश्न विचारून आलो. वही नव्हती, शिक्काही नव्हता, त्यामुळे सर्वत्र चहा घ्यावा लागला. सात घरे राधानगरी-भुदरगडकडची, पाच घरे पेठांतून वाटणी होऊन आलेली, तीन सेवानिवृत्तांची (त्यांत मी एक, मूळचा गडहिंग्लजचा), दोन घरांत मालक पुण्यात आणि भाडेकरू येथे, एक कुटुंब धरणग्रस्त म्हणून आधी हातकणंगल्यात आणि मग येथे आलेले, आणि एक बिहारचे.

बिहारचे कुटुंब म्हणजे त्याच आजींच्या मागच्या खोलीतला फौंड्री कामगार. त्याने आता पलीकडच्या गल्लीत स्वतःचे दोन खोल्यांचे घर बांधले आहे आणि मुलगी दहावीला मराठी माध्यमात आहे. आजी चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. घराची किल्ली याच माणसाकडे आहे, आणि दर शनिवारी दार उघडून तो तुळशीला पाणी घालतो.

सासुरवाशीण

गुरुजी, एकोणीस घरांतल्या सुनांना वेगळे विचारलेत का?

खडू_फळा (धागाकर्ता)

नाही, ताई. चहा त्यांनीच दिला आणि प्रश्न मी पुरुषांना विचारला. येत्या रविवारी पुन्हा जातो.